घर पडत्या भावात

गृहकर्जासाठी व्हॅल्युअर घर बघून जातो, तेव्हा रिपोर्टात बाजारभावाखाली सहसा आणखी एक आकडा असतो: डिस्ट्रेस व्हॅल्यू. घाईत विकावं लागलं तर किती येतील? म्हणजे आपले हप्ते थकतील त्या दिवसाची किंमत. फी बहुतेक वेळा आपण भरतो, रिपोर्ट बँकेचा.

यात वाईट काही नाही. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ देते. दयेपोटी आकडा फुगवला तर ते ओझं शेवटी कर्जदारावरच येतं.

पण आमच्या गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा-देवरीकडच्या गावठाणातलं कवेलूचं घर घ्या. किंमत ठरते आसपासच्या विक्रीवरून. इथे घर विकतो कोण? ते बापाकडून पोराकडे जातं. कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८. स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनने गावठाणं मोजली जाताहेत. त्याने हद्द ठरते, गिऱ्हाईक नाही. मग आकडा कमी, म्हणून कर्ज कमी, म्हणून घेणारा नाही, म्हणून पुढचा आकडाही कमी.

अमेरिकेत १९३४ साली सरकारी विम्याची गृहकर्जं आली, तेव्हा मूल्यांकनाच्या नियमांनीच कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जोखमीच्या ठरवल्या. ‘आम्ही फक्त बाजार नोंदवतो’ हा बचाव तिथे टिकत नाही. नोंदीनेच बाजार घडत होता. इथे तसा हेतू नाही, मान्य. तरी कोडिंग करणाऱ्याला एक गोष्ट खुपते. ‘नल’ आणि शून्य एक नसतात. ‘तुलनेला व्यवहार सापडला नाही’ असं लिहायच्या जागी आपण ‘किंमत कमी’ लिहितो.