कच्ची शाई, पक्का शब्द

टी-शर्टवर छापलेली प्लास्टिसॉल शाई हाताला कोरडी लागली म्हणजे पक्की झाली, असं नसतं. ही शाई पाण्याच्या रंगासारखी उडून वाळत नाही. पीव्हीसीचे बारीक कण आणि त्यांना मऊ ठेवणारं द्रव्य यांची ती लापशी असते. गरम केली की आधी नुसती गोठते. बोट फिरवलं तरी डाग येत नाही. पण कण आणि द्रव्य एकजीव व्हायचे, तर शाईचा सगळा थर, अगदी कापडाला धरलेल्या तळापर्यंत, साधारण 160 अंश सेल्सिअसला पोचावा लागतो. थर तितका तापला नाही तरी शर्टाची घडी पडते, तो पिशवीत जातो, खोक्यात जातो, माल रवाना होतो. आणि दोन-तीन धुण्यांत छातीवरचा लोगो भेगाळून टवक्यांनी निघू लागतो. ड्रायरवर तर 160 चा आकडा झळकत होता! झळकत होता खरा, पण तो आतल्या हवेचा होता, शाईचा नव्हता.

बेंगळुरूत ही गोष्ट छापखान्यागणिक कोणीतरी स्वतःच्या पैशाने शिकलेला असतो. पीण्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रस्ता या पट्ट्यांत निर्यातीचे कपडे शिवणारे कारखाने आहेत, आणि त्यांच्या आजूबाजूला जॉबवर्कवर छपाई करून देणारी लहान युनिटं. निर्यातीच्या मालात शिवण्याआधीच्या सुट्या तुकड्यांवर छपाई होते. संगणक कंपन्यांच्या वार्षिक मेळाव्यांसाठी लागणारे टी-शर्ट मात्र तयार येतात आणि त्यांवर लोगो चढतो. पहिल्या कामात चूक झाली तर एक तुकडा जातो. दुसऱ्यात अख्खा शर्ट.

हाताला लागतं ते खरं मानावं का, हा प्रश्न जुना आहे. न्यायदर्शनाचा कर्ता गौतम प्रत्यक्षाला पहिलं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानतो, पण त्याला एक अट घालतो: ते प्रत्यक्ष अव्यभिचारी, म्हणजे दगा न देणारं असलं पाहिजे. सूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने इथे मृगजळाचं उदाहरण घेतलं. त्याने प्लास्टिसॉल पाहिलं असतं तर वाळवंटापर्यंत जायची गरज पडली नसती. बोटाला कोरडी लागणारी कच्ची शाई हे तितकंच अस्सल मृगजळ आहे.

मग छापणाऱ्याने कोणाच्या शब्दावर विसंबायचं? हा प्रश्न वरवर धंद्याचा दिसतो. मुळात तो ज्ञानाचा आहे, आणि भारतीय दर्शनांत त्यावर मोठी भांडणं झालेली आहेत. चार्वाक म्हणतो, डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं. वैशेषिक म्हणतात, दुसऱ्याचं बोलणं हे काही वेगळं प्रमाण नव्हे. ते अनुमानातच जमा धरा. नैयायिक मात्र ठाम आहेत: आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह माणसाचा शब्द हे स्वतंत्र प्रमाण आहे. हे तिन्ही पंथ कपडे छपाईच्या कुठल्याही गल्लीत आजही भेटतात. एक मास्टर ‘मी केलं तेवढंच मला माहीत’ म्हणतो, दुसरा प्रत्येक गोष्टीचा अंदाज बांधतो, तिसरा फोन करून विचारतो. आणि क्वचित एखादा चौथा असतो, जो व्यवसायाचं मासिक वाचतो.

आता एक लाल शर्ट जवळून पाहू. पॉलिएस्टरचा, घाम टिपणारा, खेळाच्या दिवसासाठी मागवलेला. त्यावर पांढरा लोगो छापला, ड्रायरमधून बाहेर आला तेव्हा दुधासारखा शुभ्र. मालकाने उजेडात धरून पाहिला, ठीक म्हणाला, गठ्ठे बांधले. सकाळी गठ्ठा सोडला तर लोगो गुलाबी! रात्री कोणी हात लावलेला नाही. झालेलं असं असतं: पॉलिएस्टर ज्या डिस्पर्स रंगाने रंगवतात, तो उष्णतेने वायुरूप होऊन वर सरकतो आणि पांढऱ्या शाईत शिरतो. ड्रायरमध्ये हे सुरू झालं की गरम गठ्ठ्यात चालूच राहतं, आणि डोळ्यांना कळायला तास लागतात, कधी दिवस. शाई नीट पक्की करावी म्हणून आच वाढवणारा माणूसच इथे जास्त फसतो. सुती कापडावर जो शहाणपणा, तो पॉलिएस्टरवर घात. उपाय आहेत: कमी तापमानाला पक्की होणारी शाई, किंवा पांढऱ्याखाली रंग अडवणारा करड्या शाईचा थर. तो थर करडा असतो, कारण त्यातला कार्बन सरकत येणारा रंग धरून ठेवतो. पण पांढऱ्याखाली करडं छापायचं, हे अनुमानाने कोणाला सुचणार? डोळा तर उलटंच सांगतो. ते कोणीतरी सांगावंच लागतं.

सांगणारी मासिकं आहेत, आणि आपल्याकडे त्यांची परंपरा वाटते त्याहून जुनी आहे. सोराबजी रतनागर यांनी मुंबईत ‘इंडियन टेक्स्टाइल जर्नल’ सुरू केलं ते 1890 मध्ये, गिरण्यांचे भोंगे नवे होते तेव्हा. रंग आणि रसायनांना वाहिलेलं ‘कलरेज’ 1950 च्या दशकात मुंबईतूनच निघालं. अमेरिकेत ‘स्क्रीन प्रिंटिंग’ आणि ‘इम्प्रेशन्स’ ही नावं या धंद्यातल्या माणसांना परिचित आहेत. साहित्याच्या इतिहासात यांना जागा नाही.

त्यांची गरज कुठे पडते, ते कायद्यांवरून पाहा. 1994 मध्ये जर्मनीने काही अ‍ॅझो रंगांवर बंदी आणली, कारण ते विघटन पावून कर्करोगाला कारण होणारी अमाइन्स सोडतात. भारताने 1997 मध्ये असे रंग हाताळण्यावरच बंदी घातली, आणि 2002 मध्ये युरोपीय संघाने कापडातल्या त्या अमाइन्ससाठी किलोमागे 30 मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली. 2008 मध्ये अमेरिकेने खेळणी आणि लहानग्यांच्या झोपण्याच्या कपड्यांसारख्या वस्तूंत काही थॅलेट्सना 0.1 टक्क्याची मर्यादा घातली. जुन्या प्लास्टिसॉलला मऊ ठेवणारं द्रव्य बहुधा थॅलेटच असे. यातली एकही गोष्ट कापडाकडे पाहून कळत नाही. रंग तोच दिसतो, वास तोच येतो. असा कायदा ज्याने वेळेवर वाचला त्याने डबा बदलला. ज्याने वाचला नाही त्याला तो प्रयोगशाळेच्या अहवालातून कळतो, आणि तोवर माल समुद्रात असतो.

इतकं सगळं असूनही ज्याला माहीत आहे तो सांगतोच असं नाही. इथे प्रश्न धर्माच्या अंगाने वळतो.

बेंगळुरूच्या जुन्या पेठांत भावसार क्षत्रियांची घरं आहेत. घरात मराठी, बाहेर कन्नड. परंपरेने कामं दोन, रंगारी आणि शिंपी. थर्स्टनच्या 1909 च्या दक्षिण भारतातील जातींच्या ग्रंथात ‘रंगारी’ हे मराठी बोलणारे रंगकाम व शिवणकाम करणारे लोक म्हणून नोंदले आहेत. त्यांची कुलकथा अशी, की परशुरामाच्या कोपातून हिंगळाजमातेने त्यांच्या पूर्वजांना वाचवलं, आणि शस्त्र ठेवून त्यांनी रंग हाती घेतला. कथेतला अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे: हुनर हे देवीने कुळाला दिलेलं अभय आहे. जे अभय आहे ते रस्त्यावर का वाटायचं? आजचा मास्टर डिस्चार्जची, म्हणजे कापडाचा मूळ रंग उडवून छापण्याची, पेस्ट कालवताना मदतनिसाला चहा आणायला पाठवतो, तेव्हा त्यात नुसता कोतेपणा नसतो. ‘विद्या दिल्याने वाढते’ हे सुभाषित शाळेच्या भिंतीवर शोभतं. ज्याच्या पोटाचा आधार मिश्रणाच्या एका मापावर आहे, ते शेजारच्या युनिटला कळलं की दर पडतो, त्याला ते कसं पटावं? त्याची भीती खोटी नाही.

तरीही याच मुलखात उलट साक्षही आहे. मंड्या जिल्ह्यातलं मेलुकोटे बेंगळुरूहून मोटारीने तीनेक तासांवर. रामानुजांनी तिथे बारा वर्षं काढली असं परंपरा सांगते. त्यांच्या चरित्रातली गोष्ट प्रसिद्ध आहे: तिरुक्कोष्टियूरच्या नंबींकडे अठरा खेपा घातल्यावर त्यांना रहस्यमंत्र मिळाला, तोही कोणाला न सांगण्याच्या अटीवर, आणि अट मोडली तर नरक. रामानुज मंदिरावर चढले आणि जमलेल्या सगळ्यांना त्यांनी तो ओरडून सांगितला. एकट्याने नरकात जाऊन इतके लोक तरणार असतील तर जातो, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे 1290 साली ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला, त्याचं मोलही याच जातीचं. अर्थात मंत्राला आणि डिस्चार्ज पेस्टला एका तागडीत घालणं जरा जास्तच. मंत्राचा दर शेजाऱ्यामुळे पडत नाही.

युरोप-अमेरिकेने यावर तिसरी वाट काढली. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने 1907 मध्ये जाळीतून छापण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. मायकेल व्हॅसिलँटोनने 1960 पासून फिरत्या हातांचं बहुरंगी छपाईयंत्र विकलं, मूळ हेतू बोलिंग खेळणाऱ्यांच्या कपड्यांवर नावं छापण्याचा. त्याचं पेटंट 1969 मध्ये मिळालं. पेटंट म्हणजे सौदा: रहस्य उघड लिहून द्या, त्याबदली ठरावीक वर्षं हक्क घ्या. पण लाल शर्ट गुलाबी का झाला, याचं पेटंट नसतं. असल्या शेकडो बारक्या गोष्टी मासिकाच्या पानावरच येऊ शकतात, किंवा माणसाबरोबर जातात.

मग मासिकाला आप्त म्हणायचं का? वात्स्यायनाची कसोटी लावून पाहू. त्याच्या मते आप्त तो, ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी पाहिली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे. दोन अटी, आणि दोन्ही कडक. पहिली बहुतेक लेखक पार करतात. ते छापखान्यातून आलेले असतात. मासिक घसरतं ते दुसरीवर. व्यवसाय मासिक वर्गणीवर क्वचित जगतं. ते शाई, जाळ्या आणि यंत्रं विकणाऱ्यांच्या जाहिरातींवर जगतं. सरळ जाहिरात त्यातल्या त्यात प्रामाणिक, कारण ती ‘मी विकायला बसले आहे’ हे लपवत नाही. लेखाचा वेष घेतलेली जाहिरात मात्र नैयायिकाच्या दारात उभी राहणार नाही. ज्या लेखात नवं यंत्र कुठेच अडत नाही, कुठल्याच कापडाला नको म्हणत नाही, तो वाचून पान उलटावं. ज्यात ‘इथे आमचं फसलं’ असं एक तरी वाक्य आहे, तो कापून भिंतीला लावावा.

स्वार्थ असला म्हणजे शब्द बाद होतो, असंही नाही. 1920 मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला. नावातच मालकाचं नाव, लपवाछपवी कसली! पण ती मराठीत होती आणि नांगर धरणाऱ्याच्या घरात शिरली. पुढे तिचं ‘किर्लोस्कर’ झालं, 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ निघालं, आणि महाराष्ट्राच्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या. त्याच घराण्याने 1946 मध्ये बेंगळुरूत विजेच्या यंत्रांचा कारखाना घातला. कपडे छपाईला मात्र मराठीत किंवा कन्नडात तशी ‘खबर’ लाभली नाही.

ही उणीव लहान नाही. बेंगळुरूच्या युनिटमध्ये जाळीवर स्क्वीजी, म्हणजे शाई दाबणारी रबरी पट्टी, ओढणारा हात ओडिशाचा असतो, बंगालचा असतो, रायचूरचा असतो. मासिक इंग्रजीत, मालकाच्या टेबलावर, काचेखाली. लेखात लिहिलेलं असतं की रबर किती कडक हवं, किती तिरकं धरावं. ते ज्याने धरायचं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दाब किती द्यायचा हे तर कुठल्याच कागदावर उतरत नाही. ते जाळी सुटताना होणाऱ्या आवाजावरून मनगटाला कळतं. मासिकाने ते शिकवण्याचा आव आणू नये. त्याने तापमान सांगावं, कायदा सांगावा, दगा देणारं कापड सांगावं. मनगटाचं मनगट पाहून घेईल.

वात्स्यायनाच्या त्याच भाष्यात पुढे एक वाक्य आहे, आणि दीडेक हजार वर्षांनंतरही ते धीट वाटतं. आप्ताचं हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू आहे, असं तो म्हणतो. वंश नाही, वर्ण नाही, भाषा नाही. पाहिलं आहे का आणि तसंच सांगणार का, एवढंच. अमेरिकेतला छापणारा या व्याख्येत बसतो. रायचूरचाही बसतो, त्याला कोणी विचारलं तर. आणि कामाची भाषा सांगायला कमी पडते असंही नाही. शिंपी कुळातल्या नामदेवांचं एक पद गुरू ग्रंथ साहिबात आहे, त्यात त्यांनी मनाचा गज केला आहे, जिभेची कात्री, आणि रंगवणं-शिवणं दोन्ही आपलं काम म्हणून सांगितलं आहे. भक्ती सांगायलाही त्यांना कामाचीच भाषा पुरली.

म्हणून बेंगळुरूच्या मराठी रंगाऱ्यांना, मास्टरांना एवढंच सांगणं: पुढच्या वेळी लोगो गुलाबी झाला, तर कापड कोणतं, शाई कोणती, ड्रायरचा आकडा किती होता आणि गठ्ठा किती गरम बांधला, हे चार ओळींत, येईल त्या भाषेत लिहून मासिकाला पाठवा. पत्ता बहुतेक अंकांच्या पहिल्या पानावर छापलेला असतो.