दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार

ज्याला एखाद्या प्रकरणाची खडान्‌खडा माहिती आहे त्यानेच त्या प्रकरणी बोलावे, हे तत्त्व वरवर पाहता इतके सरळ वाटते की त्याविषयी वाद संभवू नये. आम्ही सरकारी सेवेतली माणसे तर या मताकडे सहजच झुकतो. नस्ती आम्ही सिद्ध करावी, कागद न्‌ कागद आम्ही लावावा, आणि न्यायासनापुढे मात्र ती नुकतीच चाळलेल्या वकिलाने उभे राहावे, याचे वैषम्य परप्रांती नोकरी करणाऱ्या आमच्या अनेक वाचकांना वाटले असेल. परंतु माहिती असणे आणि दुसऱ्याच्या वतीने बोलण्यास अधिकारी असणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? इंग्लंडातील सॉलिसिटरांच्या प्रश्नाकडे आम्ही या दृष्टीने पाहतो.

तेथे वकिली व्यवसायाच्या दोन शाखा आहेत. सॉलिसिटराने अशिलाला भेटावे, त्याचे म्हणणे ऐकावे, पुरावा जमवावा. वरिष्ठ न्यायालयात उभे राहावे ते बॅरिस्टराने, अशी जुनी वहिवाट. कनिष्ठ न्यायालयांत सॉलिसिटर युक्तिवाद करीत. पण हायकोर्टात, आणि थोडे अपवाद वगळता क्राउन कोर्टातही, त्यांना खुल्या सुनावणीत बोलण्याची मुभा नव्हती. ॲब्से विरुद्ध स्मिथ या बदनामीच्या खटल्यात तडजोड झाली, तेव्हा उभयपक्षी मान्य असलेले निवेदन केवळ वाचून दाखवण्याचीही परवानगी सॉलिसिटरला नाकारली गेली आणि अपील न्यायालयाने तो नकार कायम केला. यानंतर १९८६ मध्येच औपचारिक व बिनविरोध कामांपुरती ही बंदी सैल करण्यात आली. मुंबई व कलकत्ता येथील उच्च न्यायालयांच्या मूळ शाखेतही अशीच दुहेरी पद्धत होती आणि १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ती संपुष्टात आली, हे वाचकांस स्मरतच असेल.

इंग्लंडात १९९० च्या कायद्याने सॉलिसिटरांसाठी हे दार उघडले आणि १९९९ च्या कायद्याने ते अधिक रुंद केले. मात्र केवळ सनद पुरेशी ठरली नाही. दिवाणी आणि फौजदारी कामांसाठी पात्रता वेगवेगळी मिळवावी लागते. पुराव्याचा कायदा, कार्यपद्धती, व्यावसायिक नीती, साक्षीदाराची तपासणी व उलटतपासणी यांत उमेदवाराची परीक्षा होते. पूर्वी अनुभवाच्या बळावर सूट मिळण्याचाही एक मार्ग होता. २०१० च्या नियमांनी परीक्षेवरच भर दिला. कुवतीविषयीची शंका तर केव्हाच फिटली आहे. १९९७ मध्ये दोन सॉलिसिटरांना क्वीन्स कौन्सेल हा मान मिळाला आणि त्यांपैकी लॉरेन्स कॉलिन्स २००९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

तरीही नैतिक प्रश्न उरतोच. महिनोन्‌महिने अशिलाच्या सहवासात राहिलेल्या माणसाला त्याच्या बाजूतील उणेपण दिसणे कठीण जाते. बॅरिस्टर तटस्थ डोळ्यांनी कागद वाचतो आणि प्रतिपक्ष उद्या जो प्रश्न विचारील तो आजच विचारतो. शिवाय बॅरिस्टरांचा एक जुना दंडक आहे. अड्ड्यावरील बग्गीवाल्याने रांगेत पुढे येईल ते गिऱ्हाईक घ्यावे, तसे आपल्या कार्यक्षेत्रातले काम, अशील नावडता आहे म्हणून, बॅरिस्टराने नाकारू नये. १७९२ मध्ये थॉमस पेनचा बचाव थॉमस अर्स्किन यांनी केला आणि त्यापायी युवराजांकडील ॲटर्नी जनरलचे पद गमावले. सॉलिसिटरांवर मात्र हे बंधन नाही. त्यातच एकाच पेढीला कागद तयार करण्याची आणि बोलण्याचीही फी मिळू लागली, की काम बाहेरच्या अधिक योग्य माणसाकडे सोपवण्याची बुद्धी मंदावण्याचा संभव असतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तटस्थतेच्या नावाखाली बेपर्वाई खपून जाते. कागद आदल्या रात्री हाती आले, आरोपीने आपल्या वकिलाचे तोंड प्रथम न्यायालयातच पाहिले, असे घडले तर त्याला अलिप्तता म्हणणे ही शब्दांची थट्टा होय. ज्याचे स्वातंत्र्य पणाला लागले आहे त्याला आपली हकिगत जाणणारा माणूस हवा असतो, आणि ती अपेक्षा गैर नाही. तटस्थतेचे गोडवे गाणाऱ्यांना आपल्या मक्तेदारीचीही काळजी होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

आमच्या मते हा अधिकार माहितीने मिळत नाही आणि परंपरेनेही मिळत नाही. तो एक विश्वस्ताचा ठेवा आहे. म्हणूनच १९९९ च्या कायद्यातील एक गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. वकील कोणत्याही शाखेचा असो, न्यायाच्या हितासाठी स्वतंत्र बुद्धीने वागण्याचे न्यायालयाप्रती असलेले त्याचे कर्तव्य त्या कायद्याने स्पष्ट केले आणि त्याच्याशी विसंगत अशा व्यावसायिक बंधनांहून ते श्रेष्ठ ठरवले. उलटतपासणी येते की नाही हे परीक्षक पाहू शकतो. पण वर्षानुवर्षांच्या अशिलाला, “येथे तुमची बाजू लंगडी आहे, आणि हे काम माझ्यापेक्षा दुसरा चांगले करील,” असे सांगण्याचे धैर्य कोणत्या प्रश्नपत्रिकेत मोजावे? ते मोजता येत नाही म्हणून दार बंद ठेवणे अन्यायाचे होईल. परंतु परीक्षा उतरली म्हणजे पात्रता पूर्ण झाली, असे मानणेही तितकेच घातक होय.

हा विचार वकिलांपुरताच नाही. अर्जदार शेकडो मैलांवर असतो आणि त्याच्या वतीने किंवा त्याच्याविरुद्ध नस्तीवर आम्ही लिहितो. ते लिहिणे म्हणजे बोलणेच असते. आमच्या त्या टिपणीला बहुधा कोणी उलटतपासणी घेत नाही. म्हणून प्रतिपक्षाचा प्रश्न सही करण्यापूर्वी आम्हीच आम्हांस विचारला पाहिजे.