विचारले नाही, म्हणून सांगितले नाही

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. शनिवारची संध्याकाळ होती आणि दुसऱ्या दिवशीच्या उपदेशाची टिपणे पुढे घेऊन मी बसलो होतो. इतक्यात माझा पुतण्या आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "काका, गिऱ्हाइकाने विचारलंच नाही, तरी आपण होऊन सगळं सांगावं लागतं का?"

प्रश्न त्याच्या गाडीचा होता. २००९ सालची मारुती जिप्सी. त्याने ती जुनीच घेतली आणि २०२१ मध्ये आपल्या आवडीप्रमाणे बदलून घेतली. पाटे बदलून गाडी उंच केली, मूळचे २०५/७० आर १५ मापाचे टायर काढून २३५/७५ आर १५ मापाचे घातले, पुढे जाडजूड लोखंडी बंपर बसवला. त्यात पंच्याऐंशी हजार रुपये गेले. त्या गाडीवर त्याचा जीव होता. परंतु धाकट्या बहिणीच्या नर्सिंग कॉलेजची फी जूनच्या आत भरायची होती आणि घरात विकण्यासारखी तेवढी एकच वस्तू होती. जुन्या गाड्यांचे व्यापारी बदललेल्या गाडीला भाव देत नाहीत, म्हणून त्याने खासगीत विकायचे ठरवले. बेळगावहून तासाभराच्या अंतरावर, चंदगड तालुक्यातील एक तरुण शेतकरी दोनदा येऊन गाडी पाहून गेला. उंच गाडी, मोठे टायर, तो खूष. तीन लाख दहा हजारांवर बोलणे आले. रविवारी उपासनेनंतर तो इसार घेऊन येणार होता.

"मग सांगायचे राहिले आहे काय?" मी विचारले.

तो सांगू लागला आणि मी टिपणे बाजूला ठेवली. मोठ्या, जड चाकाला थांबवायला ब्रेकला अधिक जोर लागतो. ब्रेक मात्र मूळचेच होते. रिकाम्या गाडीला ते पुरत, पाच माणसे भरून उतारावर चालवताना पायाला फरक कळे. गाडीचा भार वर गेल्यामुळे वळणावर ती पूर्वीपेक्षा लवकर कलते. आणि हा शेतकरी दर महिन्याला बायकामुलांसह तिलारी घाटाने दोडामार्गाला सासुरवाडीस जाणारा! शिवाय काट्याची गोष्ट होती. ही मला ठाऊक नव्हती. गाडीचा काटा चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. चाकाचा व्यास सुमारे दहा टक्क्यांनी वाढला, म्हणजे काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी खरे पाहता सहासष्टने धावत असते. किलोमीटरचेही तेच. टायर बदलले तेव्हा आकडा बासष्ट हजार होता, आता अठ्ठ्याण्णव हजार आहे. मधले छत्तीस हजार प्रत्यक्षात एकोणचाळीस हजार सहाशेच्या आसपास भरतात. कोणी काट्याला हात लावलेला नाही, तरी काटा खोटे बोलतो आहे.

शेवटची गोष्ट त्याने जरा खाली पाहून सांगितली. २०२४ मध्ये गाडीला पंधरा वर्षे झाली आणि नोंदणीचे नूतनीकरण करायचे आले. तेव्हा त्याने माळ्यावरचे जुने टायर चढवले, बंपर उतरवला, मिस्त्रीकडून मूळ पाटे बसवून घेतले, आर.टी.ओ.त गाडी दाखवली, आणि आठवड्याभरात सर्व पुन्हा होते तसे केले.

प्रियजनहो, अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात पिशवीत दोन प्रकारची वजने ठेवू नयेत असा नियम आहे. संडे स्कूलमध्ये हा भाग शिकवताना आपण वाण्याच्या तराजूचे चित्र काढतो आणि मुलांना वाटते की हे आपल्यासाठी नाही, कारण आपल्याकडे दुकान नाही. त्या संध्याकाळी ती दोन वजने माझ्या भावाच्या घरच्या माळ्यावर मला दिसली. एक साहेबांना दाखवायचे, एक रस्त्यावर चालवायचे.

मी काही बोलण्याआधीच पुतण्याने आपली बाजू मांडली, आणि ती पोकळ नव्हती. तो म्हणाला, "मी खोटं एक अक्षर बोललेलो नाही. टायर मोठे आहेत ते त्याला दिसतंय. त्याने मिस्त्री आणावा, चालवून बघावी, मी नाही म्हणत नाही. एजंट तर म्हणतो, कागदावर 'जशी आहे तशी विकली' एवढं लिहा, मग काही बघायला नको."

त्याच्या बाजूने कायदाही काही प्रमाणात उभा राहतो. १८७२ सालच्या आपल्या करार कायद्याचे सतरावे कलम सांगते की नुसते गप्प राहणे ही फसवणूक नव्हे. तेथे उदाहरण घोड्याचे आहे. लिलावात एकाने सदोष घोडा विकला, दोष त्याला माहीत होता, तो काही बोलला नाही. कायदा त्याला फसवणूक म्हणत नाही. परंतु त्याच कलमात पुढचे उदाहरण आहे आणि ते वाचून मी कितीदा तरी थांबलो आहे. घोडा घेणारी विकणाऱ्याचीच मुलगी असेल आणि नुकतीच सज्ञान झाली असेल, तर मात्र त्याने दोष सांगितलाच पाहिजे. नात्यामुळे ते त्याचे कर्तव्य ठरते.

म्हणजे कायद्यालाही ठाऊक आहे की गप्प बसणे कोणाशी चालते आणि कोणाशी चालत नाही. मुलीशी नाही, परक्याशी चालेल. इंग्रज कायदेकारांनी रेघ तेथे ओढली आणि न्यायालयांना कुठेतरी रेघ ओढावीच लागते, याबद्दल माझी तक्रार नाही. पण प्रभु येशूला जेव्हा एका शास्त्र्याने शेजारी कोण असे विचारले, तेव्हा तो हीच रेघ विचारत होता. कुठपर्यंत माझे कर्तव्य, आणि कुठून पुढे नाही? त्याला उत्तर म्हणून शोमरोन्याची गोष्ट मिळाली. मी पुतण्याला एवढेच म्हटले, "हीच गाडी तुझी बहीण घेत असती तर?" तो म्हणाला, "तिला मी देणारच नाही, जुने टायर घातल्याशिवाय." आणि मग तो स्वतःच गप्प झाला.

आपल्याकडच्या बैलबाजारात सौदा रुमालाखाली बोटे धरून होतो, हे जुन्या मंडळींनी पाहिले असेल. भाव झाकलेला असतो. बैल मात्र उघडा उभा असतो आणि घेणारा त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो. पण बैल मारका आहे की नाही हे दातांवरून कळत नाही. ते मालकाला आणि मालकाच्या घरच्यांनाच ठाऊक. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयी दोन वचने आहेत (२८, २९). बैलाने पहिल्यांदाच कोणाला हुंदडून मारले तर मालक निर्दोष. पण बैल पूर्वीपासून मारका आहे हे मालकाला सांगितले गेले होते आणि तरी त्याने त्याला आवरले नाही, तर मालकाच्या माथी दोष येतो. बैल तोच, इजा तीच. फरक एवढाच की मालकाला माहीत होते. मोशेच्या नियमशास्त्रात माहिती हे नुसते धन नाही, ते ओझे आहे, आणि दोरी दुसऱ्याच्या हातात दिली म्हणून ते ओझेही आपोआप त्याच्याकडे जात नाही. ते सांगूनच द्यावे लागते.

'जशी आहे तशी' या शब्दांतली गोम हीच आहे. कशी आहे हे दोघांपैकी एकालाच माहीत!

तर मग विकणाऱ्याने आपले सर्व पोट उघडे करावे काय? मला तसे वाटत नाही, आणि या बाबतीत आपल्या काही भक्तिमान बंधूंनी घातलेली ओझी शास्त्राने घातलेली नाहीत. तेराव्या शतकातील थोर धर्मशास्त्री थॉमस अक्विनास याने हाच प्रश्न घेतला आहे, आणि योगायोगाने त्याचेही उदाहरण घोड्याचेच. घोड्याला एकच डोळा असेल तर ते कोणालाही दिसते. ते वेगळे सांगण्याचे बंधन नाही, मात्र भाव त्या मानाने कमी लावावा. जो दोष दिसत नाही आणि ज्यामुळे घेणाऱ्याला धोका किंवा तोटा होईल, तो सांगितलाच पाहिजे. पुढे तो म्हणतो की हा दोष चव्हाट्यावर दवंडी पिटून सांगायला नको, कारण मग कोणी फिरकणारच नाही आणि वस्तूचे चांगले गुणही पाहिले जाणार नाहीत. जो घ्यायला समोर येईल त्याला सांगावा. आपण प्रॉटेस्टंट मंडळी त्याच्या पुष्कळ गोष्टी मान्य करीत नाही, पण विक्रीच्या व्यवहारात इतका समंजस सल्ला मी दुसरीकडे वाचला नाही.

त्याच न्यायाने, बहिणीची फी भरायची आहे आणि आपण निकडीत आहोत, हे गिऱ्हाइकाला सांगायला नको. कमीत कमी कितीला सोडाल, हेही आपल्यापाशी ठेवावे. अब्राहामाने एफ्रोनाची भूमी चारशे शेकेल रुप्याला घेतली, तेव्हा दोन्ही बाजूंनी किती आडपडद्याने बोलणे झाले ते उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात पाहावे. भावाची घासाघीस हा काही अधर्म नव्हे. घेणाराही काही कमी नसतो. वस्तू वाईट, वाईट म्हणत भाव पाडायचा आणि घरी जाऊन बढाई मारायची, हे शलमोनाच्या काळापासून चालत आले आहे (नीतिसूत्रे २०:१४). पण तो खेळ भावाचा आहे. ब्रेक हा त्या खेळातला नाही.

कागदाचे निराळेच. मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशिलाहून गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अधिक कडक शब्दांत सांगितले. पुढच्या लोखंडी बंपरांविरुद्ध तर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. धडकेत ते पायी चालणाऱ्याच्या जिवावर येतात. गाडी कर्नाटकातून महाराष्ट्रात न्यायची म्हणजे येथून ना हरकत दाखला, मग कोल्हापुरास नवी नोंदणी, तेथला कर आणि गाडीची तपासणी. तेथे ही गाडी अडली असती आणि हेलपाटे त्या शेतकऱ्याने घातले असते.

हे सर्व बोलताना मला एक गोष्ट आठवत होती आणि ती मी त्याला सांगून टाकली, कारण तिच्यावाचून माझे बोलणे पुस्तकी झाले असते. पुष्कळ वर्षांपूर्वी मी माझी स्कूटर एका गवंड्याला विकली. पाय ठेवायच्या जागेचा पत्रा खालून गंजून चाळणी झाला होता. तो यायच्या दिवशी सकाळी मी बाजारातून एक नवी रबरी चटई आणून त्यावर अंथरली. त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही. चटईचे त्याने कौतुक केले. तेव्हा मी संडे स्कूलचा शिक्षक होतो. तो माणूस मला पुन्हा भेटला नाही. त्याचे काही बरेवाईट झाले असेही ऐकले नाही. पण चटई अंथरणारा हात माझा होता, आणि ज्याने विचारले नाही म्हणून मी मोकळा झालो असे मला वाटले, त्याने विचारू नये म्हणूनच मी ती अंथरली होती.

पुतण्या बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "काका, तुम्ही म्हणताय ते खरं. पण पैसे कमी आले तर ते माझे जात नाहीत, ताईचे जातात."

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही पुरते नाही. खरेपणाची किंमत पुष्कळदा खरे बोलणाऱ्याला द्यावी लागत नाही, त्याच्या घरच्यांना द्यावी लागते. व्यासपीठावरून हे आपण फारसे बोलत नाही. मी एवढेच म्हणालो की ताईची फी त्या शेतकऱ्याने त्याला न कळता भरावी, असे आपण ठरवू शकत नाही. मागायची तर ती उघड मागावी.

रविवारी तो माणूस आला. पुतण्याने त्याला गाडीभोवती फिरवून एकेक दाखवले, काट्याचा हिशेब कागदावर करून दिला, नूतनीकरणाच्या वेळी काय केले तेही सांगितले. शेतकऱ्याने ऐकून घेतले, चहा घेतला आणि इसार न देता गेला. मला वाटले, संपले. नवव्या दिवशी त्याचा फोन आला. मूळचे टायर आणि पाटे आहेत का? आहेत, पण टायर चार वर्षे पडून रबर कडक झालेले, असे पुतण्याने तेही सांगून टाकले. "तुम्ही आता मला काहीच घेऊ देणार नाही," म्हणून तो हसला, असे ऐकतो. अखेर गाडी मूळ स्थितीत आणून, बंपर काढून, टायर त्याने नवे घालायचे अशा बोलीवर दोन लाख पासष्ट हजारांना ती गेली.

पंचेचाळीस हजार कमी आले. भावाने पतसंस्थेचे कर्ज काढून फी भरली आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत. मी काही वाटा उचलला, तो पुरेसा नव्हता. मोठे टायर आता माळ्यावर चढले आहेत. वहिनी उपासनेला येतात, "काय भाऊजी" म्हणतात, पण पूर्वीसारख्या थांबून बोलत नाहीत.