येते म्हणावे की जाते?

आपल्या घरांत निघताना 'जाते' म्हणण्याची चाल नाही. शेजारी वाटीभर साखर मागायला गेलेली बाईसुद्धा उंबऱ्यावर 'बरं, येते हं' असेच म्हणते. कोणी चुकून 'जाते' म्हटले तर वडीलधारी माणसे तिथल्या तिथे दटावीत. आमच्या पिढीच्या कानांवर हे लहानपणीच पडले आणि इस्राएलमध्ये इतकी वर्षे काढूनही ते जिभेवरून गेले नाही. पण जे माणूस बहुधा पुन्हा येणार नाही, त्याने निघताना काय म्हणावे? बेरशेबाच्या विद्यापीठात एका सत्रापुरती शिकायला येणारी परदेशी मुले दर वर्षी आम्हांला हा प्रश्न पाडून जातात.

शब्बाथच्या जेवणाला या मुलांना एखादे घर असावे म्हणून इथली कुटुंबे त्यांना आपलीशी करतात. आमच्याकडेही अशी काही मुले आली. बहुतेक अमेरिकेची, एक-दोन युरोपातली. वसंत सत्राची मुले आली की पुरिमला पुरणपोळी खातात, पेसाहच्या सेदेरला आमच्यात बसतात, आणि शाबुओथ होऊन उन्हाळा तापू लागला की बॅगा भरायला घेतात. चार महिने म्हणजे किती? ओळख होण्यात एक जातो, परीक्षेच्या धास्तीत शेवटचा जातो. मधले दोन काय ते आपले.

एका सत्रासाठी किंवा वर्षासाठी परक्या देशी राहून शिकण्याची पद्धत तशी नवीनच. 1923 साली अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाने आठ विद्यार्थी वर्षभरासाठी फ्रान्सला पाठवले. युरोपात 'इरॅस्मस' योजना 1987 साली निघाली. त्याआधी परदेशी शिकायला जाणे म्हणजे तीन-चार वर्षे तरी जाणे. या नव्या पद्धतीचा एक विशेष असा की, निरोपाचा दिवस पहिल्या दिवशीच ठाऊक असतो. परतीचे तिकीट खिशात घालूनच पाहुणा दारात उभा राहतो. आम्ही 1979 साली सांताक्रूझच्या विमानतळावर हार घालून घेतले तेव्हा आमच्याजवळ परतीचे तिकीट नव्हते. मागे राहिलेल्यांना काय सांगावे हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही. सगळेच रडत होते आणि बोलणे कोणालाच सुचत नव्हते.

काही जण म्हणतात, 'चार महिन्यांच्या ओळखीचा एवढा विचार कशाला? आली मुले, गेली मुले.' आम्ही पस्तीस वर्षे परिचारिकेचे काम केले. आम्हांला हे पटत नाही. सहा दिवसांसाठी दाखल झालेला माणूस सातव्या दिवशी घरी जाताना हात धरून उभा राहतो, आणि सहा महिने पडून असलेला मान न वळवता निघून जातो, हे आम्ही पाहिले आहे. ओळखीची किंमत कॅलेंडरावर ठरत नाही.

या मुलांत एक जात अशी असते की, न सांगताच निघून जाते. विचारले तर म्हणणार, 'मला निरोप सोसत नाही.' हे ऐकले की आम्हांला लहान मुलांचे वॉर्ड आठवतात. पूर्वी पुष्कळ रुग्णालयांतून रीत अशी होती की, मूल झोपले की आईने हळूच निघून जावे, म्हणजे रडारड होत नाही. 1952 साली जेम्स रॉबर्टसन यांनी इंग्लंडमध्ये एका दोन वर्षांच्या मुलीच्या आठ दिवसांच्या रुग्णालयवासाचा चित्रपट काढला. ती मुलगी फारशी रडत नाही. नुसती आतल्या आत मिटत जाते, आणि आई आली तरी तिच्याजवळ सहज जात नाही. तो पाहून पुष्कळ डॉक्टर प्रथम रागावले. तरी 1959 साली तिथल्या सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने आईबापांना मुलांना केव्हाही भेटता यावे अशी शिफारस केलीच. आम्ही काम शिकलो तेव्हा आम्हांला बजावून सांगितलेले होते की, मुलाला सांगून जायला सांगा. ते रडेल, रडू द्या. गुपचूप गेलेल्या माणसामागे रडणे उरते ते उरतेच, वर अविश्वास उरतो. तेव्हा निरोप सोसत नाही म्हणून पळणारा स्वतःचे रडणे वाचवतो आणि त्याचा भार मागच्यांवर टाकतो, असे आमचे मत आहे.

ज्यांना निरोप घेताच आला नाही त्यांची गोष्ट वेगळी. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे परदेशी विद्यार्थ्यांना दोन-तीन दिवसांत गाठोडे आवरून मायदेशी जावे लागले. आमच्याकडे येणाऱ्या मुलाने जिन्यात लांब उभे राहून हात हलवला आणि आमचे पातेले पायरीवर ठेवले. तो निरोप अपुरा होता, पण खोटा नव्हता.

खोट्याचा प्रश्न उठतो तो दुसऱ्या टोकाला. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. मूळच्या अलिबागकडच्या, नव्वदी ओलांडली, कान बरे आहेत, पाय गेले. काही वर्षांमागे आमच्याकडे येणारी एक मुलगी दर मंगळवारी त्यांच्यापाशी जाऊन बसे. भाषा एकीची दुसरीला नीट येत नव्हती; तरी आजींनी तिला वीसपर्यंत मराठी आकडे शिकवले. जूनमध्ये निघताना मुलीने त्यांच्या गळ्यात पडून सांगितले, 'हानुकाला नक्की येते, आजी.' आकड्यांसारखे हेही वाक्य तिने आमच्याकडून घटवून घेतले होते. पुढे हानुका आला. पहिल्या दिव्याला आजींनी विचारले, 'पोर आली का?' चौथ्याला विचारले. आठव्या दिव्याला विचारले नाही.

मुलगी लबाड नव्हती. बोलली तेव्हा तिच्या मनात तसेच होते. पण वीस वर्षांच्या माणसाचे 'नक्की' आणि नव्वद वर्षांच्या माणसाचे 'नक्की' यांत फार अंतर असते. तरुणापाशी डिसेंबर पुष्कळ असतात. हा हुकला तर पुढला. म्हाताऱ्या माणसाला दिलेली तारीख ही उरलेल्या थोड्यातून काढून ठेवलेली वस्तू असते. वचन देताना ते घेणाऱ्याच्या हिशेबाने मोजावे लागते, आणि हे विसाव्या वर्षी कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. ते सांगणे आम्हां मोठ्यांचे काम आहे.

मग 'येते' हा शब्दही खोटाच का? आम्हांला तसे वाटत नाही. त्यात तारीख नसते. शेजारीण 'येते' म्हणून गेली आणि आठ दिवस फिरकली नाही तर तिने वचन मोडले असे कोणी म्हणत नाही. दार लावून घेऊ नका, एवढेच ती सांगते. हिब्रूतले 'लेहित्राओत' याच घराण्यातले. आणि कबूल केलेले पार पडेलच असे नसेल तेव्हा इथली माणसे 'ब्ली नेदेर' जोडतात, म्हणजे ही शपथ समजू नका. काही जण त्याचा पळवाट म्हणून उपयोग करतात ही गोष्ट सोडा. मुळात तो शब्द सावधपणाचा आहे.

आपल्या शास्त्रींनीही निरोपाच्या शब्दांचा कीस काढलेला आहे. तालमूदच्या बेराखोथ या भागात म्हटले आहे की, जिवंत माणसाला निरोप देताना 'शांतीकडे जा' म्हणावे, 'शांतीत जा' म्हणू नये; दुसरा शब्द मृतांसाठी. हिब्रूत फरक एका अक्षराचा. यिथ्रोने मोशेला पहिला शब्द दिला, तो चढत गेला. दावीदाने अब्शालोमला दुसरा दिला, त्याचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. जिवंत माणसाची वाट अजून चालायची आहे, ती संपली असे बोलू नये, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो. 'जाते' म्हणू नको म्हणणाऱ्या आमच्या आयाबायांना तालमूद वाचता येत नव्हता, पण त्या याच जागी पोहोचल्या होत्या. त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे: निघताना मित्राला शास्त्रातली एखादी बाब सांगून निघावे, म्हणजे त्या निमित्ताने आठवण राहते. आम्ही ती थोडी सैल करून घेतो. शास्त्र नाही तर निदान पुरण शिजवण्याची रीत.

मागे राहणाऱ्यांचेही चुकते, ते झाकण्यात अर्थ नाही. काही घरांतून निरोपाच्या वेळी मुलांकडून वसुली केल्यासारखे चालते. 'आम्ही तुला एवढे जेवू घातले, आता दर शब्बाथला फोन कर हं.' पोर ओशाळते आणि 'हो' म्हणते. मग फोन थांबले की ही मंडळी 'परकी ती परकीच' म्हणायला मोकळी. जेवण उसने दिले होते का?

आनंदीबाई जोशी 1883 साली शिकायला अमेरिकेला गेल्या तेव्हा न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात घेतले. ना रक्ताचे नाते, ना धर्माचे. 1886 साली डॉक्टर होऊन आनंदीबाई आजारी अवस्थेतच परत निघाल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या, वय एकवीस. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि बाईंनी ती पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. असल्या गोष्टी कोणाकडून कबूल करून घेता येत नाहीत.

यंदाच्या मुलीला आम्ही निघण्याच्या आठवडाभर आधीच सांगून ठेवले होते की, वर आजींना भेटून ये, पण तारीख देऊ नकोस. ती गेली, सोबत आम्हीही गेलो. अर्धे हिब्रू, अर्धे मराठी करून तिने सांगितले, 'आजी, मी घरी जाते. परत येणे होईल की नाही, माहीत नाही. तुमची आठवण आईला सांगेन.' आजींनी ऐकून घेतले आणि तिचा कान धरला. 'जाते काय म्हणतेस? येते म्हण.' आठ दिवे वाट पाहिलेली हीच बाई.

मुलीने आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलवली. मग ती 'येते' म्हणाली.

खाली आल्यावर तिने आमचा स्टीलचा डबा परत केला. रिकामा डबा परत करू नये हे तिला कोणी शिकवले नव्हते. आम्ही तर नाहीच. आत बाजारातले खजूर होते, आणि काही आजींसाठी वेगळ्या कागदात बांधलेले.