एकट्याचे ताट

गेल्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या लेकीचे बाळंतपण पुण्यास झाले आणि आमची पत्नी सव्वा महिन्यासाठी तिकडे गेली. वसईच्या घरात आम्ही एकटे उरलो. निघण्यापूर्वी तिने डबे भरून ठेवले होते व प्रत्येकावर कागद चिकटवून नाव लिहिले होते. पहिले दोन दिवस शेजाऱ्यांच्या आग्रहावर निभावले. तिसऱ्या दिवशी आम्ही तांदूळ धुऊन पातेल्यात घातले, अंदाजाने पाणी ओतले आणि वर्तमानपत्र वाचीत बसलो. वास आला तेव्हा तळाला काळी खरपुडी धरली होती आणि वरचे दाणे कच्चेच होते. आयुष्यभर दोन्ही वेळा भात खाल्लेल्या माणसास एकसष्टाव्या वर्षी भात कसा होतो हे ठाऊक नव्हते.

हा प्रसंग हसण्यावारी नेता आला असता. परंतु पातेले घासताना एक प्रश्न मनात आला, तो पुढे सव्वा महिना गेला नाही. स्वतःपुरते अन्न शिजवता न येणे ही केवळ गैरसोय आहे, की ती माणसाच्या नीतीतील उणीव आहे?

प्रथम आम्ही स्वतःची बाजू मांडून पाहिली. आम्हांस सदराही शिवता येत नाही, भिंतही बांधता येत नाही, आणि त्याबद्दल कोणी आम्हांस दोष देत नाही. समाज कामाच्या वाटणीवरच चालतो. आम्ही कचेरीत काम केले, घरातले काम घरात झाले. युक्तिवाद वरवर ठीक वाटला, पण टिकला नाही. शिंप्याला आम्ही शिलाई मोजतो, गवंड्याला मजुरी देतो, आणि ते पैसे देताना त्यांच्या श्रमाचे काही एक माप आपोआप कळते. ताटातल्या भाताचे मोल आम्ही कधी मोजले नाही आणि तो करूनही पाहिला नाही. ज्या श्रमाचे माप दोन्ही बाजूंनी अज्ञात आहे, त्याबद्दलची कृतज्ञता बोलण्यापुरतीच उरते. जेवणापूर्वी आम्ही देवाचे आभार मानीत आलो, परंतु मध्ये उभे असलेले दोन हात आम्हांस दिसले नव्हते.

आमच्या वाडीला लागून एक मावशी राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, पती निवर्तलेले, मुले परदेशी. एके काळी त्यांच्या चुलीवर अकरा माणसांचा स्वयंपाक होत असे. कुंपणापाशी आम्ही त्यांस आमची फजिती सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अरे बाबा, पाणी डोळ्यांनी नको मोजू. तांदळावर बोटाचं टोक टेकव, पहिल्या पेरापर्यंत पाणी आलं की बस. तांदूळ जुना असला तर जरा जास्त. आणि विस्तव बारीक केल्यावर झाकण सारखं उघडून बघू नकोस."

दुसऱ्या दिवशी भात झाला. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आम्ही शाळेत पाठ केली होती. शीत बोटांनी दाबून पाहण्याची वेळ प्रथमच आली. मग डाळ. आम्हांस कुकरच्या शिट्टीची भीती वाटे, म्हणून ती पातेल्यातच लावली. दीड तास उलटला तरी डाळ दाताखाली येत होती. मावशींनी विचारले, "कोकम कधी टाकलंस?" आम्ही ते आरंभीच टाकले होते. आंबटामुळे डाळ लवकर मऊ होत नाही, म्हणून आंबट नेहमी मागाहून घालावे, हे तेव्हा कळले. तेल तापण्याआधी मोहरी टाकली तर ती तडतडत नाही, आणि फार तापलेल्या तेलात हळद काळी पडते, हेही चुकूनच शिकलो. स्वयंपाकात मनाला एका जागी थांबावे लागते, आणि ते शिक्षण आम्हांस कचेरीतल्या पस्तीस वर्षांत मिळाले नव्हते.

एके दिवशी कृतज्ञतेने आम्ही मावशींस विचारले, "तुम्ही आज काय केलंत?" त्या म्हणाल्या, "मी? चहा घेतला, पाव खाल्ला. एकटीसाठी कुठे चूल पेटवायची?"

या उत्तराने आम्ही चकित झालो. ज्यांच्या बोटाच्या पेरात अकरा माणसांच्या भाताचे माप होते, त्या स्वतः पावावर दिवस काढीत होत्या. आम्हांस येत नव्हते म्हणून आम्ही उपाशी राहिलो, त्यांस येत असून त्या अर्धपोटी राहत होत्या. विचार करता दोन्हींचे मूळ एकच आढळले. आमच्या लेखी रांधणारी व्यक्ती नेहमी दुसरी कोणी होती, मावशींच्या लेखी जेवणारी व्यक्ती नेहमी दुसरी कोणी होती. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची जी आज्ञा आपणांस दिली आहे, तिचे माप प्रत्येकाने स्वतःवरूनच घ्यावयाचे आहे. जिला स्वतःचे पोट हे काळजी घेण्याजोगे वाटत नाही, तिच्यापाशी ते माप कोणी राहू दिले नाही. हे आमच्या पिढीचे, घरोघरचे पाप आहे.

स्वयंपाक पुरुषाच्या हातास शोभत नाही, असेही म्हणता येत नाही. गोव्याहून आलेले कित्येक ख्रिस्ती आचारी मुंबईत धोबीतलावाच्या कुडांत उतरत आणि तेथून जहाजांवर जात. बोटीवर शेकडो उतारूंचे जेवण ते रांधीत. म्हणजे वेतन मिळाले की तेच काम पुरुषाचे ठरते, वेतन नसले की स्त्रीचे. भारत सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील बिनवेतनी कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटे, आणि अशी कामे करणारे पुरुष 97 मिनिटे त्यांत घालवितात, असे आढळले. शंभर स्त्रियांपैकी एक्क्याऐंशी जणी ही कामे करीत होत्या, शंभर पुरुषांपैकी केवळ सव्वीस.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रत्येकजण आपापले रांधू लागला, तर एकमेकांची गरजच उरणार नाही आणि घराची खाणावळ होईल. हा आक्षेप आम्हांस बराच काळ खरा वाटला. परंतु ज्याला आपले अन्न करता येत नाही, तो दुसऱ्याने वाढलेले अन्न देणगी म्हणून घेऊच शकत नाही. त्याला ते मागावेच लागते, आणि रोजच्या मागण्याचा हळूहळू हक्क होतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तीत स्वयंपाकघराची सेवा आठवड्याच्या पाळीने सर्वांकडे दिली आहे. आजारपण किंवा तसेच महत्त्वाचे काम असल्याखेरीज कोणास सूट नाही. पाळी संपल्यावर भांडी स्वच्छ व धड परत करावयाची, हेही त्यांनी लिहून ठेवले. ज्याच्या हातावर राख लागली आहे, तोच पंक्तीत बसून दुसऱ्याची सेवा ओळखतो, हे त्यांस उमगले असावे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात रात्रभर जाळी टाकून थकलेल्या शिष्यांसाठी प्रभूने किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासळी व भाकर तयार ठेवली होती. दरवर्षी पुनरुत्थानकाळात हा उतारा आम्ही ऐकतो. ते निखारे कोणीतरी पेटविले असणार, याकडे आमचे लक्ष यंदा प्रथमच गेले.

पुढे रोज दुपारी आम्ही दोन वाट्या तांदूळ लावू लागलो आणि मावशींस कुंपणावरून हाक मारू लागलो. आरंभी त्या आमच्यावर उपकार म्हणून येत. नंतर एके दिवशी त्यांनीच स्वतःच्या घरी सुकटीचे कालवण केले आणि वाटी कुंपणापलीकडून पुढे केली. "आधी माझ्यासाठी काढून ठेवलं," त्या म्हणाल्या, "मग तुझ्यासाठी."

पत्नी परतली त्या दिवशी आम्ही तिला ताट वाढले. पहिला घास घेऊन ती हळूच म्हणाली, "मीठ जरासं कमी चाललं असतं." हेच वाक्य गेली चौतीस वर्षे आम्ही तिला कोणत्या आवाजात म्हणत आलो, ते आम्हांस त्या क्षणी आठवले. काही न बोलता आम्ही तिच्या पानात आणखी एक डाव भात वाढला.