पाडकामाचा हिशेब

‘जुनी इमारत वीज फार खाते, तेव्हा ती पाडून नवी हरित इमारत बांधणे हेच पर्यावरणाच्या हिताचे,’ हे एका अभियंता-स्नेह्याचे विधान मला बरेच दिवस खुपत होते. विजेचे देयक दरमहा हाती पडते म्हणून ते डोळ्यांत भरते. परंतु इमारत उभारताना जी ऊर्जा एकदाच जळून गेली, तिचे देयक कोणी कोणाला पाठवीत नाही. सिमेंटच्या भट्टीत सुमारे 1450 अंशांपर्यंत तापविला जाणारा चुनखडक, इंधनाचा धूर वेगळाच, स्वतःच्या विघटनातूनही कार्बन डायऑक्साइड सोडतो. रोज जळणारी ऊर्जा गच्चीवरच्या उष्णतारोधक थराने, खिडकीवरच्या छज्ज्याने कमी करता येते; एकदा जळलेली मात्र सांगाडा पाडताच मातीमोल होते.

  

स्नेह्याला निरुत्तर करण्यासाठी मी फ्रान्समधील बोर्दोचा दाखला काढला. तेथे लाकातों व वासाल या वास्तुविशारदांनी सहकाऱ्यांसह 1960 च्या दशकातील सार्वजनिक वसाहतीच्या 530 घरांना बाहेरून 3.8 मीटर खोल काचबंद ओसरी व सज्जा जोडला, थंडीला आडोसा केला, आणि काम चालू असताना रहिवाशांना घर सोडावे लागले नाही. 2019 साली या कामाला मीस व्हान डर रोए पुरस्कार मिळाला. परंतु दाखला न्याहाळताना माझाच पवित्रा ढिला पडला. मुंबईतल्या वरळीच्या बीडीडी चाळीतील 160 चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या भाडेकरूने, 500 चौरस फुटांचे घर देणारे पाडकाम नाकारून माझ्या ऊर्जेच्या हिशेबावर समाधान मानावे, असे कोणत्या तोंडाने सांगावे? बोर्दोच्या रहिवाशालाही मिळाली ती वाढीव जागाच. मुंबईत पाडणाऱ्याला वाढीव चटईक्षेत्र विकून खर्च काढता येतो. राखणाऱ्याला बहुधा वर्गणीवर भागवावे लागते. तेव्हा राखणीचा आग्रह धरणाऱ्या वास्तुविशारदाने नकाशात आधी भाडेकरूची वाढीव खोली दाखवावी, आणि यादीतल्या वारसा-वास्तूंसाठी हस्तांतरणीय विकासहक्काची, म्हणजे न वापरलेले चटईक्षेत्र दुसरीकडे विकू देण्याची, जी तरतूद आहे, ती सरकारने अशा सामान्य चाळीलाही लागू करावी.