आजच्या मूर्ती आणि त्यांचे बळी

दहा आज्ञांतील पहिली आज्ञा आपल्या शब्बाथ शाळेतील लहान मुलांनाही तोंडपाठ असते. आपल्या घरात मूर्ती नाही, देव्हारा नाही. तेव्हा ही आज्ञा आपण पाळलीच आहे, असे आपण धरून चालतो. कित्येकदा तर ती शेजाऱ्यांसाठीच दिली आहे असे आपले बोलणे असते. परंतु सीनाय पर्वताजवळ ही आज्ञा ज्यांना मिळाली ते देवाने मिसर देशातून सोडवून आणलेले त्याचेच लोक होते. पौलाने लोभाला मूर्तिपूजा म्हटले (कलस्सै 3:5), तेही ख्रिस्ती मंडळीलाच लिहिताना. म्हणून प्रिय वाचकहो, या आज्ञेचा विचार आपण आपल्या घरापासून सुरू करू या.

आजच्या काळातील मूर्ती कोणत्या, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: पैसा, नोकरी, प्रतिष्ठा, मोबाइल. जी गोष्ट देवाचा वेळ खाते ती मूर्ती, असे माप आपण लावतो. हे माप खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि कधी कधी अन्यायाचेही ठरते. एक उदाहरण घेऊ.

सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईच्या रेल्वेमार्गावर, सचिन नावाचे गाव आहे. 1948 पर्यंत तेथे सिद्दी नबाबांचे छोटे संस्थान होते. आज ते औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या गिरण्या, रसायनांचे कारखाने तेथे आहेत. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून पोटासाठी निघालेली पुष्कळ मराठी कुटुंबे सुरतेच्या आसपास वसली आहेत. त्या गाड्यांतून आपल्या मंडळ्यांतील तरुणही जातात. माग बारा-बारा तास चालवायचा आणि मजुरी विणलेल्या कापडाच्या मापाने घ्यायची, असे तेथील पुष्कळांचे जिणे आहे.

असा एखादा तरुण रविवारी पाळीवर गेला आणि उपासनेला आला नाही, तर तो मूर्तिपूजक झाला काय? घड्याळाचे माप लावले तर झाला. आणि त्याला सुट्टी नाकारून स्वतः पहिल्या बाकावर बसणारा मालक ख्रिस्ती असेल, तर त्याच मापाने तो भक्त ठरतो! शास्त्र असे मोजत नाही. रोजची भाकर मागायला प्रभूनेच शिकवले. भाकर ही मूर्ती नव्हे. शिवाय अनुवाद 5:14 मध्ये शब्बाथाच्या आज्ञेला एक कारण जोडले आहे: घरच्या दासदासींनाही धन्यासारखाच विसावा मिळावा. म्हणजे ज्याच्या हाती दुसऱ्याची विश्रांती आहे, त्याला देव प्रथम जाब विचारील.

तर मग मूर्तीची खरी खूण कोणती? शास्त्रात ती ठळक दिसते: मूर्ती बळी मागते. हिन्नोमाच्या खोऱ्यात मोलखापुढे लोकांनी आपली लेकरे अग्नीत घातली. आपण ते वाचून शहारतो आणि असले अघोर प्रकार जुन्या काळी होत असत असे म्हणून पान उलटतो. पण सचिन येथे 6 जानेवारी 2022 रोजी पहाटे काय घडले? औद्योगिक वसाहतीतील नाल्यात एका टँकरमधून रासायनिक टाकाऊ द्रव सोडला जात होता. त्यातून विषारी वायू पसरला आणि जवळच्या गिरणीतील सहा कामगार प्राणास मुकले. वीसांहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. असा द्रव रीतसर निकालात काढायचा तर पैसा मोजावा लागतो; अंधारात नाल्यात सोडला की तो वाचतो. मोलखाची वेदी कोठे दिसली नाही, पण बळी मात्र पडले. आणि ते पडले त्या व्यवहारात काहीच वाटा नसलेल्या माणसांचे.

येथेच मूर्तीचे कपट आहे. नवस एकाचा असतो आणि बळी दुसऱ्याचा जातो. इफिस येथील देमेत्रिय सोनाराला (प्रेषितांची कृत्ये 19) अर्तमीच्या मानाची काळजी होतीच, पण त्याने आधी गाऱ्हाणे मांडले ते धंद्याचे. मूर्तीला धक्का लागला की कोणाचा तरी नफा बुडतो. म्हणून तिच्यासाठी मोठा ओरडा होतो.

हे माप आता आपल्या घराला लावू. मुलाने इतके टक्के मिळवलेच पाहिजेत, असा हट्ट आपण धरतो. त्यात त्याची झोप, त्याचे हसू आणि शब्बाथ शाळाही जाते. चार लोकांत मान राहावा म्हणून कर्ज काढून लग्न थाटात करतो. ते कर्ज नवी सून आणि म्हातारे आईबाप फेडत बसतात. आपल्याला निवांतपणे उपासनेला जाता यावे म्हणून घरकामाच्या बाईला मात्र रविवारी लवकर बोलावतो. मंडळीच्या निवडणुकीत पद मिळावे म्हणून जुन्या बंधूचे नाव खराब करतो. प्रत्येक ठिकाणी विचारावे: येथे बळी कोणाचा जात आहे?

जिवंत देवाची रीत याच्या उलट आहे. मोरिया डोंगरावर अब्राहामाने सुरी उचलली तेव्हा देवाने त्याचा हात थांबवला (उत्पत्ती 22). आणि कालवरीवर त्याने आपल्या पुत्राला दिले. जो देव आपल्यासाठी स्वतः किंमत भरतो, त्याला पहिले स्थान देणे म्हणजे आपल्या सुखाची किंमत दुसऱ्यावर न लादणे. ती गरज पडल्यास आपण सोसायची. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. प्रत्येकाने नोकरी सोडावी असा याचा अर्थ नाही. पण पगार हा सेवक आहे की धनी, याची पारख ज्याची त्याने केली पाहिजे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, पहिली आज्ञा शिकवताना मुलांना एवढेच सांगू नका की मूर्तीपुढे वाकू नये. माझ्या हव्यासापायी कोणाला रडावे लागते, हा प्रश्न त्यांना स्वतःला विचारायला शिकवा. आणि मंडळीच्या पंचांनो, पाळीवर जाणाऱ्या बंधूला रविवारी जमत नसेल, तर ज्या संध्याकाळी त्याला सुट्टी असते त्या संध्याकाळी त्याच्या खोलीवर प्रार्थनासभा भरवा. त्याने देवाला सोडले असे म्हणण्यापूर्वी आपण त्याच्याकडे गेलो होतो काय, ते पाहा. थकलेल्या व भाराक्रांत जनांना विसावा देऊ करणारा प्रभू आपल्याला तशी दृष्टी व तसे धैर्य देवो.